आबांनी पॅन्ट घातली ती सकाळ

केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकला, मी पालथा पडलो आणि उजव्या मनगटाचं हाड गेलं. शहाद्याला डॉक्टर प्लास्टर घालत होते तेव्हा माझ्या डोक्यात हात नव्हताच. आबांना काय सांगू, एवढंच होतं. येत्या रविवारी आमच्या गावची पहिली गोल्फ स्पर्धा होती, आणि तिच्यात आबा आणि मी, बाप-लेकाची जोडी खेळणार होती.

तापीकाठच्या गावात गोल्फ कुठून आला, हे आधी सांगतो. माझा चुलतभाऊ भूपेंद्र कितीतरी वर्षं कॅनडात होता. तिथल्या एका गोल्फ क्लबात गवत राखायचं काम करायचा. परत आला तेव्हा वाटणीला आलेली नदीकाठची, पुराने खरवडलेली जमीन त्याने बघितली. तिथे ना केळी धरत होती ना ऊस. "इथे गवत लावतो," म्हणाला. गावाला वाटलं गुरांसाठी लावतोय. दोन पावसाळ्यांनंतर तिथे सहा झेंडे उभे राहिले आणि प्रत्येक झेंड्याखाली एक गल, गोट्या खेळताना असते तशी, फक्त जरा खोल.

पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेकाने दांडा हातात धरून बघितला आणि हसणं थांबलं. चेंडू नीट बसला की असा काही सुटतो की पोटात गुदगुल्या होतात! कापसाच्या वेचणीतून, उसाच्या तोडीतून वेळ काढून लोक संध्याकाळी भूपेंद्रकडे जायला लागले. आबा तर रोज. माझे वडील रतिलाल, वय सदुसष्ट, धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. धोतराचा सोगा कमरेला खोचायचे आणि असा नेमका फटका मारायचे की चेंडू झेंड्याजवळ जाऊन मुकाट बसायचा. लांब जात नसे, पण बसायचा तिथेच.

मग स्पर्धा ठरली आणि भूपेंद्रने फाटकावर पाटी लावली. कॉलरचा टी-शर्ट, तो पॅन्टीत खोचलेला. पायात बूट. धोतर, लेंगा, जीन्स, चप्पल चालणार नाही. बायकांनाही हाच नियम.

गावात गहजब झाला. "आपलाच बांध, आपलीच नदी, आन् कपडा याना मनना घालाना?" असं पारावर बसलेले लोक म्हणू लागले. आबा तर तडक भूपेंद्रकडे गेले. मी सोबत होतो.

"धोतरमा खेळाले काय हुई?" आबांनी विचारलं.

भूपेंद्र गवताला पाणी देत होता. पाइप खाली ठेवून तो आला.

"काका, एक सांगू? तिकडे एके दिवशी मोठा पाऊस आला. मी गवत कापत होतो. पळत जाऊन क्लबच्या ओसरीत उभा राहिलो. एक माणूस आला. चांगला माणूस होता, शिवीगाळ नाही, काही नाही. हसून म्हणाला, कामाच्या कपड्यात इथे उभं राहू नका, मागच्या बाजूला शेड आहे. मी गेलो शेडमध्ये. नंतर इतकी वर्षं राहिलो, पण त्या दरवाजातून आत कधी गेलो नाही. आता माझं मैदान आहे. माझी इच्छा आहे की आपला प्रत्येक माणूस इथे सभासदासारखा कपडा घालून आला पाहिजे. गडी म्हणून नाही. सुरतेचे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर तर नाहीच."

आबांनी धोतराचा सुटलेला सोगा परत खोचला. लग्नातसुद्धा त्यांनी पॅन्ट घातली नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "घालसू."

एवढ्यावर ते आले होते आणि इकडे मी हात मोडून बसलो.

घरी आलो तर आबा ओट्यावर होते. प्लास्टर बघून त्यांनी डोळे मिटले. माय आतून धावत आली, मयूरी तिच्यामागे. मयूरी म्हणजे माझी बायको. माहेर म्हसावदचं. शहाद्याच्या कॉलेजात हॉकी खेळलेली. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. आबांसमोर ती डोक्यावर पदर घेऊन वावरायची आणि त्यांच्याशी जेमतेम तीन शब्द बोलायची, जेवण वाढू का. आबाही तिच्याशी मायमार्फतच बोलायचे. आमच्याकडे तशीच रीत.

"जोडीतून नाव काढून टाकू," मी म्हणालो.

"नाव काबर काढाना?" आबा म्हणाले. मग मायकडे बघून, जणू मयूरी तिथे नाहीच असं, म्हणाले, "मयूरी खेळी."

मला माहीत होतं की मयूरी खेळू शकते. केळीच्या शेडमागे मी तिला शिकवलं होतं. पदर कमरेला खोचून ती मारायची आणि चेंडू माझ्यापेक्षा लांब जायचा. पण आबांना हे ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणे मळ्यातल्या बाजेवरून रोज बघायचे.

माय भडकली. "पॅन्ट घालीसन? बठ्ठा गावसमोर? गाव काय म्हणी?"

"मी बी तर घाली ऱ्हायनू," आबा म्हणाले. "माले काय म्हणी, तेच तिले म्हणी."

"तुम्ही माणूस शेतस!"

"आन् ती काय शे?"

मायने भांडी आपटली, रात्री जेवताना कुणाशी बोलली नाही. मयूरी मला म्हणाली, "माय नाही म्हणाल्या तर मी खेळणार नाही हं. पण अमृत, मला खेळायचंय! किती खेळायचंय ते तुम्हाला कसं सांगू." लग्न झाल्यापासून मी तिला असं बघितलं नव्हतं.

सकाळी माय पिशवी घेऊन दारात उभी. "चाल व मयूरी. शहादाले जाऊ. घालनंच शे तर मी निवडसू."

मी गाडी चालवू शकत नव्हतो, म्हणून आम्ही तिघं एस.टी.ने गेलो. स्टँडजवळच्या रेडिमेडच्या दुकानात मायने जे केलं ते बघण्यासारखं होतं. दुकानदाराने घट्ट पॅन्ट काढली की ती बोटांनी कापड ताणून बघायची आणि परत सरकवायची. मग एक करड्या रंगाची ढगळ पॅन्ट तिला बरी वाटली. मयूरी घालून आली.

"बस खाले," माय म्हणाली.

मयूरी उकिडवी बसली.

"ऊठ. वाक. आते हात वर कर. दांडा मारस तसं कर."

मयूरीने गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात हवेतच दणदणीत फटका मारला. हँगरला लावलेले दोन शर्ट खाली पडले. दुकानदार म्हणाला, "काकू, ताई काय खेळतात?"

"गोल्फ," माय म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि सांगतो, त्या शब्दात रागाबरोबर थोडा तोराही होता. टी-शर्टही तिनेच निवडले, दोघांसाठी एकच रंग, झेंडूसारखा पिवळाधमक, पांढरी कॉलर.

आबा मात्र दुकानात यायला तयार झाले नव्हते. मायने त्यांची पॅन्ट अंदाजाने घेतली. "चाळीस वरीस व्हयनात, मापबिप माले ठाऊक शे," म्हणाली. घरी आबांनी ती दार लावून घातली, दारामागूनच "बरोबर शे" म्हणाले, आणि काढून ठेवली. कुणाला दाखवली नाही.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. थंडी होती, नदीवर धुकं होतं. आबा जीपमध्ये येऊन बसले ते धोतर नेसूनच! माझा जीव खालीवर. मग कळलं, पॅन्ट आत होती, वरून धोतर गुंडाळलं होतं. गावातून तसं जायचं आणि तिथे उतरवायचं. मयूरीही तशीच, मायची मोठी शाल मानेपासून पायापर्यंत लपेटून बसलेली. दोघांमध्ये माय बसली होती. गाडी शेजारचा दलसिंग चालवत होता आणि आरशात बघून हसू दाबत होता.

मैदानावर निम्मं गाव जमलं होतं. सुरतेचे पाहुणे मांडवात चहा पीत होते. भूपेंद्र पांढऱ्या टी-शर्टात, निळ्या पॅन्टीत, नवरदेवासारखा फिरत होता. आमच्याआधी दिनेश आणि त्याच्या धाकट्या भावाची जोडी आली होती. दिनेश पलीकडच्या गावचा, ऊसवाला, हौशी गडी. त्याने टोपीपासून बुटापर्यंत सगळं सुरतेहून मागवलं होतं, हातमोजासुद्धा.

मयूरीने शाल काढली.

माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या बायका, आत्या, माम्या, सगळ्या बघत होत्या. मयूरीचे कान लाल झाले, पण ती उभी राहिली. आबा मात्र जीपच्या दारामागून हलेनात. धोतर सोडून हातात घेतलं होतं आणि दाराच्या कडेने फक्त टोपी दिसत होती.

मयूरी त्यांच्याजवळ गेली. खाली बघत, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "आबा, चला. बठ्ठा लोक मन्हाकडेच देखतीन. तुमनाकडे कोन देखी?"

चार वर्षांत ती त्यांच्याशी एवढं पहिल्यांदा बोलली.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग धोतराची घडी सीटवर ठेवली. "असं शे? तर मंग मी पुढे चालस," म्हणाले. आणि माझे वडील, पिवळाधमक टी-शर्ट, काळी पॅन्ट, डोक्यावर पांढरी टोपी, अशा थाटात गर्दीतून पुढे चालायला लागले, छाती काढून, मुद्दाम जरा हळू. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या, कुणी "रतिलालशेठ!" म्हणून ओरडलं. सगळ्या नजरा त्यांच्यावर. मागून मयूरी आली तोवर लोकांचं बघून झालं होतं.

खेळ असा होता की जोडीला एकच चेंडू. एकदा एकाने मारायचा, पुढचा फटका दुसऱ्याने. सहाही गलींना मिळून ज्यांचे फटके कमी, ते जिंकले.

मयूरीने पहिला फटका मारला. काय सांगू! दांडा वर गेला, खाली आला, टक्क असा आवाज झाला आणि चेंडू धुक्यात शिरला. कुणाला दिसेना. मग लांब, झेंड्याच्या बाजूला टप्पा पडलेला दिसला आणि गर्दीने जी आरोळी ठोकली, तिने नदीवरचे बगळे उडाले. सुरतेच्या पाहुण्यांपैकी एकजण चहा टाकून उभा राहिला. आबा चेंडूकडे धावतच गेले, आणि त्यांचा तो बसणारा फटका मारला. चेंडू गलीच्या काठावर. मयूरीने आत ढकलला.

बाकीच्या जोड्या लवकरच मागे पडल्या, पण दिनेशची जोडी कच्ची नव्हती. पहिली गल बरोबरीत सुटली, दुसरी त्यांनी एका फटक्याने घेतली, तिसरी तशीच आम्ही, चौथीला परत बरोबरी. मी हात गळ्यात बांधून काठाकाठाने पळत होतो. माय माझ्यामागे पळत होती. मध्येच विचारायची, "आते कोन पुढे शे?" मी म्हणायचो, "बरोबर." ती म्हणायची, "बरोबर म्हंजे कोन?"

पाचव्या गलीला मयूरीचा फटका जरासा वाकडा गेला. चेंडू नदीकडच्या उतारावर गवतात अडकला. तिथे नीट उभंच राहता येत नव्हतं. आबांना एक पाय वर, एक पाय पार खाली ठेवावा लागला. त्यांनी पाय फाकवले, दांडा उचलला, सगळा जीव लावून मारला.

फर्र!

चेंडू वर उडाला, झेंड्याला टेकून गलीत पडला. आबांची पॅन्ट मागून पार वरपासून खालपर्यंत उसवली होती. गर्दीला आधी चेंडू दिसला आणि ती ओरडली. मग आबा दिसले आणि ती दुप्पट ओरडली. आबा तिथेच उतारावर खाली बसले. टोपी हातात घेऊन पुढ्यात धरली. पण त्यांचे डोळे! "गया ना? आत गया ना?" एवढंच विचारत होते.

माय एव्हाना जीपकडे पळाली होती. धोतर घेऊन ती सरळ हिरवळीवरून आली, चपलांसकट. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तिने आणि दलसिंगने शाल धरून आडोसा केला. आबा बाहेर आले ते पिवळ्या टी-शर्टावर धोतर नेसून. टी-शर्ट नीट खोचलेला होता.

दिनेश पुढे आला. वाईट वाटून म्हणाला, पण म्हणाला, "भूपेंद्रभाऊ, मला काही नाही. पण पाटीवर धोतर चालणार नाही असं लिहिलंय. माझ्या बापाला मी याच कारणाने घरी बसवलं."

सगळे भूपेंद्रकडे बघायला लागले. पाहुणेही. भूपेंद्रचा चेहरा उतरला. तो आबांकडे बघेना. "काका, दुसरी पॅन्ट..." तो पुटपुटला.

"कोठे शे?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. नियम शे तर शे." आणि दांडा मयूरीकडे द्यायला लागले.

मयूरीने तो घेतला नाही. ती भूपेंद्रसमोर जाऊन उभी राहिली. एवढ्या माणसांत, सासऱ्यादेखत. कॅनडातली ती गोष्ट मीच तिला सांगितली होती. "भूपेंद्रभाऊ, त्या पावसात तुम्हाला शेडमध्ये पाठवलं ते का? काम करताना मळलेले कपडे होते म्हणून. आबांची पॅन्ट खेळताना फाटली. त्यांनी नियम मोडला नाही, तुमचा नियम पाळूनच इथवर आले. आता तुम्ही त्यांना कुठे पाठवता?"

तिचा आवाज शेवटी चिरकला. दलसिंगने शालीची घडी घालता घालता हात थांबवला.

भूपेंद्र गवताकडे बघत होता. मग त्याने मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज मोठा होता. "एका फटक्याचा दंड. आणि काका धोतरात खेळतील. दिनेशभाऊ, तुझ्या वडिलांना फोन लाव. पुढच्या रविवारी त्यांनाही घेऊन ये, जे घालतात त्यात. नीटनेटकं असलं म्हणजे झालं."

"एक काय, दोन ले," आबा म्हणाले. हशा पिकला, आणि त्या हशात दिनेशही होता.

पाचवी गल आम्ही एका फटक्याने घेतली होती, पण दंडाने ती आघाडी गेली. म्हणजे शेवटच्या गलीला दोघं परत बरोबर. मध्ये नाला, पलीकडे झेंडा. आधी दिनेशच्या जोडीने मारलं, सुखरूप पलीकडे. मग मयूरीने श्वास घेतला आणि मारला. चेंडू नाल्यावरून गेला तेव्हा मायने माझा मोडका हात इतका घट्ट धरला की मी ओरडलो. पलीकडे पडला! आबा धोतर सावरत नाल्याच्या फळीवरून गेले, आणि त्यांनी जो फटका मारला तो दिवसभरातला त्यांचा सगळ्यात सुंदर. चेंडू घरंगळत घरंगळत गलीपासून तीन पावलांवर.

मयूरीने ढकलला. चेंडू गलीच्या कडेवरून फिरला, आत वाकला, आणि बाहेरच थांबला.

दिनेशने त्याचा आत घातला. एका फटक्याने गेलो.

मला वाटलं आबा खचतील. ते दिनेशला मिठी मारत होते. दिनेश म्हणाला, "काका, तुम्हाला दंड नसता तर..."

"दंड नसता तर मन्हं धोतर नसतं," आबा म्हणाले. "धोतर नसतं तर तो फटका बी नसता. खुशाल कप घे, पोऱ्या."

माणसं पांगायला लागली. दिनेशची बायको मयूरीला बाजूला घेऊन पॅन्टीचं कापड चाचपत होती. "मऊ आहे गं. कोणत्या दुकानातून?" मयूरीने तोंड उघडायच्या आतच माय मध्ये पडली आणि दुकान, भाव, रंग, ढगळ माप, बसून-वाकून कशी बघायची, सगळं सविस्तर सांगायला लागली. आणखी दोघीतिघी जवळ सरकल्या.

मी आबांना शोधत गेलो तर ते शेवटच्या हिरवळीवर वाकून उभे होते. मयूरी त्यांच्या समोर, डोक्यावर पदर नव्हताच, असायला साडी कुठे होती.

"डावीकडे उतार व्हता, तुले दिसना नही?" आबा तिला विचारत होते.

"दिसना होता, आबा! म्हणून तर मी उजवीकडे मारलं."

"भलतं उजवीकडे मारं."

"नाही, बरोबर मारलं होतं. हळू मारलं, ते चुकलं."

"हळू नही, उजवीकडे!"

"हळू!"

"ठेव चेंडू," आबा म्हणाले. "मार परत. मी झेंडा धरस."

तिने चेंडू ठेवला.